खिशातला लोलक

(पडदा काळा. बुटांचा आवाज. मग शांतता.)

पडदा काळाच आहे, तुमचा फोन बिघडलेला नाही. आपण एका अंधाऱ्या खोलीत आलोय. साल १९०४, फ्रान्समधलं नान्सी शहर. खोलीत तिघं आहेत: भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रेने ब्लाँदलो, त्यांचा मदतनीस आणि अमेरिकेहून आलेले पाहुणे, भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड. ब्लाँदलोंना इंग्रजी येत नाही, म्हणून बोलणं जर्मनमध्ये चाललंय. फ्रेंच आपल्याला कळतं, हे वुडनी दाखवलेलं नाही. प्राध्यापक आणि मदतनीस आपसात मोकळेपणी बोलावेत, असा त्यांचा हिशेब.

(मंद निळसर ठिपका. तो किंचित उजळतो. की नाही?)

१८९५ मध्ये क्ष-किरण सापडले होते आणि आता आणखी कोणते किरण निघतात याकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. १९०३ मध्ये ब्लाँदलोंनी जाहीर केलं: नवा किरण सापडलाय. नान्सीवरून त्याचं नाव ठेवलं एन-किरण. तो एखाद्या बारीक ठिणगीवर किंवा अंधारात चमकणाऱ्या लेपावर पडला की उजेड जरासा वाढतो, असं त्यांचं म्हणणं. जरासा म्हणजे किती? बराच वेळ काळोखात बसून, डोळे ताणून, ‘हो, वाढला बहुतेक’ म्हणता येईल इतका. सगळी भिस्त मुख्यतः डोळ्यांवर.

आणि तो लोकांना दिसायला लागला! शंभराहून जास्त संशोधकांनी त्यावर लिहिलं. कुणाला तो मज्जातंतूंमधून निघताना दिसला, कुणाला स्नायूंमधून. फ्रान्सबाहेर मात्र लॉर्ड केल्विनसारख्या नामवंत ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञालाही काही दिसेना. त्यावर उत्तर तयार होतं: त्यांचे डोळे तेवढे तयार नाहीत.

हे उत्तर लक्षात ठेवा. प्रयोग फसला की दोष दर वेळी बघणाऱ्याचाच निघत असेल, तर काहीतरी पाणी मुरतंय.

एक गोष्ट मात्र इथेच सांगायला हवी. ब्लाँदलो भोंदू नव्हते. विजेच्या अभ्यासात नाव कमावलेला, कसलेला माणूस. छद्मविज्ञान म्हटलं की आपल्याला ताईत विकणारा आठवतो, पण इथे कुणी काही विकत नव्हतं. माणूस स्वतःच फसला होता, तोही प्रामाणिकपणे.

(खोलीचं रेखाचित्र: दिवा, झिरी, लोलक, मोजपट्टी.)

आता वुडनी काय केलं ते पाहू. एन-किरण ॲल्युमिनियमच्या लोलकातून, म्हणजे प्रिझममधून, गेले की त्यांचा वर्णपट पडतो, असा दावा होता. चमकता लेप दिलेला एक बारीक धागा मोजपट्टीवरून सरकवायचा आणि तो जिथे उजळेल तिथला आकडा वाचायचा. ब्लाँदलो मिलिमीटरच्या दशांशापर्यंतचे आकडे सांगत होते. किरण ज्या झिरीतून येत होते, ती मात्र काही मिलिमीटर रुंद. वुडना इथेच खटकलं.

ब्लाँदलो आकडे वाचत असताना वुडनी अंधारात हात पुढे केला आणि लोलक उचलून घेतला. आता वर्णपट पडणार कुठून? पण ब्लाँदलोंचं वाचन सुरूच राहिलं. आकडे तेच.

एक गोष्ट बदलली, आणि बदलली हे बघणाऱ्याला कळू दिलं नाही. ब्लाइंड टेस्ट म्हणतात ती हीच. वुडचं पत्र २९ सप्टेंबर १९०४ च्या ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आलं आणि फ्रान्सबाहेर एन-किरणांचा विषय संपल्यातच जमा झाला.

(पुठ्ठ्याचा पडदा, त्याला दोन भोकं.)

यासाठी प्रयोगशाळाच हवी असं नाही. अमेरिकेतल्या एमिली रोझाने नऊ वर्षांची असताना शाळेसाठी एक प्रयोग सुरू केला. हात न लावता रुग्णाची ‘ऊर्जा’ जाणवते असं म्हणणारे २१ उपचारक तिने गाठले. त्यांनी पुठ्ठ्याच्या भोकांतून दोन्ही हात बाहेर काढायचे. एमिली नाणं उडवून त्यातल्या एका हातावर स्वतःचा हात धरणार. कोणत्या, ते सांगा! २८० वेळा विचारलं, १२३ वेळा बरोबर आलं. नुसता अंदाज ठोकला असता तरी १४० च्या आसपास आलं असतं. १९९८ मध्ये हा प्रयोग अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला.

(बोगद्यातली यंत्रं.)

चुका तर सगळ्यांच्याच होतात. २०११ मध्ये ‘ओपेरा’ प्रयोगातल्या शास्त्रज्ञांना दिसलं की जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण सुमारे ७३० किलोमीटरवर, इटलीतल्या ग्रान सासोला, प्रकाशाच्याही ६० नॅनोसेकंद आधी पोहोचताहेत. प्रकाशाहून वेगाने काही जात नाही म्हणणारे आइन्स्टाइन चुकले, म्हणून गुलाल उधळायची संधी होती. पण या शास्त्रज्ञांनी सगळा तपशील मांडला आणि जगाला सांगितलं: आम्हाला चूक सापडत नाहीये, तुम्ही शोधा. पुढच्या वर्षी सापडली. ऑप्टिकल फायबरच्या केबलची जोडणी नीट बसलेली नव्हती. थोडं हसू झालं खरं, पण मला या प्रसंगाचं कौतुकच वाटतं.

मग आकडे जुळले नाहीत की सिद्धांत लगेच टाकून द्यायचा का? तसंही नाही. युरेनस ग्रह गणितापेक्षा वेगळा चालत होता. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए म्हणाले, न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम बरोबर आहे, पलीकडे आणखी एक ग्रह असणार. ही पळवाट वाटेल, पण त्यांनी जागाही सांगितली. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत त्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. मग बुधाची चाल चुकत होती तिथेही त्यांनी हीच युक्ती लावली: सूर्याजवळ ‘व्हल्कन’ ग्रह आहे. लोकांनी शोध शोध शोधला. व्हल्कन नव्हताच. बुधाचं कोडं १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या सिद्धांताने सुटलं. युक्ती तीच, माणूस तोच. पण दोन्ही वेळा कुठे बघायचं ते सांगितलेलं होतं, म्हणून एकदा बरोबर ठरता आलं आणि एकदा चूक.

(पुन्हा काळा पडदा.)

नान्सीच्या त्या खोलीत आणखी एक गोष्ट घडली. मदतनिसाला वुडचा संशय आला होता. या वेळी आकडे मी वाचतो, म्हणाला. लोलक त्याने स्वतः जागेवर नीट बसवला. दिवा अगदी मंद केला. वुड मुद्दाम पाय वाजवत लोलकाजवळ गेले.

(बुटांचा आवाज.)

हात लावला नाही. नुसते उभे राहिले.

मदतनीस घाईघाईने प्राध्यापकांना फ्रेंचमध्ये म्हणाला की काहीच दिसत नाही, वर्णपट गेला, या अमेरिकनाने काहीतरी केलंय. लगेच दिवा मोठा केला आणि तो लोलकाकडे धावला.

(उजेड. लोलक जागच्या जागी.)