खरवडलेली माटोळी

(दृश्य: जुन्या घराच्या चौकात टांगलेली रिकामी लाकडी चौकट)

गोव्यातल्या सावईवेऱ्यातल्या आमच्या घरची ही माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगून फळांनी सजवायची लाकडी चौकट. वर्षभर अशीच असते, नुसत्या पट्ट्या. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की बाबा मला रानात घेऊन जायचे. कवंडळं, कांगणं, घागऱ्यो, सगळी रानफळं. कुळागरातून, म्हणजे घरच्या बागेतून, नारळाची पेंड, म्हणजे घड, आणि सुपारीचा घोस. केवणीच्या झाडाच्या सालीचे दोर ते स्वतः वळायचे. खाली गणपती आणि त्याच्या डोक्यावर अख्खं रान!

आमच्याकडे मूर्ती नसते, कागदावर रंगवलेला गणपती पूजतात. गोव्यात अशी आणखीही घरं आहेत. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, आलं. आमचे पूर्वज गोव्यातल्याच साष्टीतून नदी ओलांडून इकडे आले, तेव्हा गुंडाळून आणता येईल असा देव त्यांनी आणला, असं आजी सांगायची. मी पाहिलेलं पहिलं चित्र तेच. चित्राला हात जोडतात, हे मला पेन्सिल धरता येण्याआधी कळलं होतं.

(दृश्य: चित्रकाराची खोली, दगडी खलात लाल माती)

पणजीला आल्तिनोवर कला महाविद्यालयात होतो तेव्हा मांडवी, होड्या, चर्च, सगळं काढलं. माटोळी कधी सुचली नाही.

बाबा गेले ते चवथीच्या चार दिवस आधी. आणलेली फळं पडवीत टोपलीत होती. सुतक, त्यामुळे माटोळी बांधली नाही. कवंडळं टोपलीतच सुकत गेली. लाल, मग विटकरी, मग काळी. मी रोज जाऊन बघायचो.

त्यानंतर सतरा वर्षं मी माटोळीच काढतोय. लाल रंग विकतचा घेत नाही. चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, माती वस्त्रगाळ करतो. आपल्या देवळांच्या भिंतींवरची कावी, म्हणजे लाल-पांढरी चित्रं, याच मातीची. कावी करणारा कारागीर लाल रेष ओढत नाही. ओल्या चुन्यावरचा लाल थर तो खरवडतो, आणि खालचा पांढरा चुना आकार घेऊन वर येतो. हे कळलं त्या दिवशी मला माझी फळं सापडली. माझ्या चित्रात ती रंगवलेली नाहीत. खरवडून काढली आहेत. फळ नाही, फळाची जागा आहे.

(दृश्य: भिंतीवर ओळीने लावलेली चित्रं)

जागा मात्र मी कधी बदलत नाही. पेंड मधोमध, सुपारी उजवीकडे, तोरिंजनाचं फळ मागच्या कोपऱ्यात. बाबा तसंच बांधायचे.