बिअर स्ट्रीट: पडायला आलेलं एकच घर

(दृश्य: काळ्या लाकडी फ्रेममधलं छापचित्र. कॅमेरा हळूहळू काचेजवळ जातो.)

इंग्लंडमधल्या जुन्या पबच्या भिंतीवर हे चित्र बरेचदा दिसतं. ग्लास हातात घेऊन माणूस त्याच्याकडे बघतो, हसतो आणि आपल्या टेबलाकडे वळतो. हसू येण्यासारखंच आहे ते. बहुतेक सगळे कसे अंगाने भरलेले, तुकतुकीत गालांचे, फेसाळते मग उंचावणारे. इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थचं हे ‘बिअर स्ट्रीट’. साल १७५१.

आज मात्र जरा थांबूया. काचेला नाक लागेल इतकं जवळ जाऊया.

(दृश्य: डावीकडे खाली, लोहार आणि खाटीक.)

लोहाराच्या एका हातात बिअर, दुसऱ्या हातात मटणाचा भला मोठा तुकडा. सुरुवातीच्या छापांमध्ये मटण नव्हतं. तिथे त्याने एका काटकुळ्या फ्रेंच माणसाला एका हाताने अलगद उचललं होतं! होगार्थने पुढे छपाईच्या तांब्याच्या प्लेटवरचा तेवढा भाग बदलला. मला हा बदल आवडतो. दुसऱ्याची टर उडवण्यापेक्षा पोटभर जेवण केव्हाही बरं. शेजारच्या खाटकाच्या कमरेला बघा, सुरीला धार लावायची सळई लोंबतेय. मधे मासेवाल्या आहेत, हातात छापील गाणं. मागे भोयांनी मेणा खाली टेकवलाय आणि तेही घोट घेतायत. वर छपरावर कामकरी. म्हणजे ही सगळी माणसं हातातलं काम घटकाभर बाजूला ठेवून बसलीयत. काम सुटलेलं नाही कुणाचं.

(दृश्य: तांब्याची प्लेट, शाई, दाबयंत्र.)

होगार्थ चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी करून शिकलेला. तांब्याच्या पत्र्यावर सगळं उलटं कोरायचं, अगदी दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरंसुद्धा, तेव्हा कुठे कागदावर सुलटं उमटतं. चोरून छापणाऱ्यांनी त्याला आधी बेजार केलं होतं. १७३५ साली चित्रं कोरणाऱ्यांना हक्क देणारा कायदा झाला, त्यामागे त्याचीच खटपट होती. ‘बिअर स्ट्रीट’ची किंमत त्याने ठेवली एक शिलिंग. गरिबांना लागलेली व्यसनं सुटावीत म्हणून चित्रं जमेल तितक्या स्वस्तात देतोय, असं जाहिरातीत सांगितलं. हातावर पोट असलेल्याला तो शिलिंगही जडच होता.

आणि हे चित्र एकटं कधी नव्हतंच. याची जोडी आहे ‘जिन लेन’. दोन्ही एकाच वेळी विकायला आली.

(दृश्य: दोन्ही चित्रं शेजारी शेजारी.)

तेव्हा लंडनमध्ये जिन ही कडक दारू अतिशय स्वस्त होती आणि गरीब वस्त्या तिच्यात बुडाल्या होत्या. चित्रात सेंट जाइल्स या अशाच गरीब वस्तीतल्या गल्लीत एक आई पायरीवर बसलीय. चिमटीत तपकीर. मांडीवरचं मूल कठड्यावरून खाली पडतंय आणि तिला पत्ताच नाही. हे चित्र मला एका दमात बघवत नाही. डावीकडे गहाणवटीचं दुकान आहे. सुतार आपली करवत गहाण टाकतोय, बाई स्वयंपाकाची भांडी. करवत गेली की सुताराचं उरलं काय?

आजूबाजूची घरं ढासळतायत. त्या सावकाराचं दुकान मात्र भक्कम उभं आहे.

आता परत ‘बिअर स्ट्रीट’मध्ये या. उजव्या कडेला.

(दृश्य: मोडकळीला आलेलं घर, कलंडलेली तीन गोळ्यांची खूण.)

इथेही गहाणवटीचं दुकान आहे. अख्ख्या रस्त्यात पडायला आलेलं घर हे एवढंच. गहाणवटीची खूण असलेले तीन गोळे कलंडलेत. इथल्या लोकांची अवजारं त्यांच्याच हातात आहेत, गहाण टाकायला कुणी फिरकतच नाही. खरा आनंदोत्सव मला तर या कलंडलेल्या गोळ्यांत दिसतो. पबमध्ये एकट्या लटकणाऱ्या फ्रेममध्ये नेमकं हेच निसटतं, कारण शेजारी ‘जिन लेन’ नसते.

त्याच वर्षी संसदेने जिनच्या किरकोळ विक्रीवर बंधनं आणणारा कायदा केला. होगार्थचा मित्र, न्यायाधीश आणि लेखक हेन्री फील्डिंग, त्यासाठी झटत होता.

पण सावकाराचं दार अजून बघायचं राहिलंय.

(दृश्य: दाराचा अगदी जवळून शॉट.)

दार आतून बंद. कर्जापायी आपल्यालाच धरायला बेलिफ, म्हणजे कोर्टाचा माणूस, येईल या धास्तीने तो बाहेर पडत नाही. होगार्थला ही धास्ती ऐकून माहीत नव्हती. त्याचे वडील लॅटिन शिकवायचे. त्यांनी कॉफीहाउस काढलं, ते बुडालं, आणि कर्जापायी ते लंडनमधल्या फ्लीटच्या तुरुंगात गेले. विल्यम तेव्हा जेमतेम दहा-अकरा वर्षांचा होता.

त्याच मुलाने मोठेपणी हे दार कोरलं. आणि दाराला एक छोटी झडप ठेवली. बाहेर पोऱ्या उभा आहे, झडपेतून बिअरचा मग आत देतोय.