एक मूल, दोन घरे आणि एक हक्कसोडपत्र

नमस्कार. गेल्या गणेशोत्सवात आमच्या सोसायटीने लहान मुलांच्या चित्रकला स्पर्धेसाठी नावे मागवली, तेव्हा शंभराहून अधिक घरांतून नऊ नावे आली आणि त्यांतील दोन मुले सुट्टीपुरती आजोळी आलेली होती. त्याच मंडपात दुसऱ्या दिवशी ज्येष्ठांसाठी मधुमेहाची तपासणी होती, तिची रांग मात्र फाटकापर्यंत गेली. मी ठाण्यात वर्तकनगरला राहतो आणि रोज सकाळी स्थानकाच्या पुलावर गर्दीत अडकल्यावर शेजारी उभे असलेले कोणी ना कोणी हमखास म्हणते की, या देशाचा खरा प्रश्न लोकसंख्या हाच आहे. रिकामी चित्रकला स्पर्धा आणि भरलेला पूल, ही दोन्ही दृश्ये एकाच शहरातील आहेत आणि दोन्ही खरी आहेत. ती एकमेकांशी कशी जुळतात, याविषयी आज मी माझे मत मांडणार आहे. यातील आकडे सरकारी पाहण्यांतील आणि प्रकाशित अभ्यासांतील आहेत, निष्कर्ष माझे आहेत.

(पडद्यावर: महाराष्ट्राचा एकूण जननदर, १.७)

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रात एका स्त्रीला तिच्या आयुष्यात सरासरी १.७ मुले होतात आणि देशाची सरासरी २.० आहे. एका पिढीची जागा पुढच्या पिढीने जशीच्या तशी भरून काढायची असेल तर हा दर २.१ च्या आसपास असावा लागतो. म्हणजे आपले राज्य ती पातळी ओलांडून केव्हाच खाली उतरले आहे. तरीही एकूण लोकसंख्या लगेच घटत नाही, कारण वीस-तीस वर्षांपूर्वी मोठ्या संख्येने जन्मलेल्या मुली आज आई होण्याच्या वयात आहेत. प्रत्येकीने कमी मुलांना जन्म दिला तरी आयांची संख्याच मोठी असल्यामुळे बेरीज काही काळ वाढतच राहते.

ठाण्याची गोष्ट याहून वेगळी आहे. २०११ च्या जनगणनेत तेव्हाच्या अविभाजित ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांच्या वर गेली होती आणि तो देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला होता. दहा वर्षांतील वाढ ३६ टक्के होती. त्याच दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या चक्क घटली. ही वाढ पाळण्यातून आलेली नाही, ती रेल्वेगाडीतून आणि मालाच्या टेंपोतून आली. गिरणगावातून, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेशातून माणसे ठाणे, कळवा, दिवा, ऐरोली, घणसोली येथे राहायला आली, कारण कामाच्या ठिकाणापासून परवडेल एवढ्या अंतरावर छप्पर मिळण्याची जागा हीच होती. पुलावरची गर्दी आपण लोकसंख्येच्या खात्यावर टाकतो, पण माझ्या मते ती घरांच्या किमतींच्या खात्यावर टाकायला हवी.

आता जननदर का घटला, या प्रश्नाकडे येतो. मुली फार शिकल्या, त्यांना नोकऱ्यांची चटक लागली, त्यांना जबाबदारी नको आहे, असे म्हणणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात, आणि माझ्याही घरात आहेत. स्त्रीला किती मुले हवीत हे तिला ठरवता यावे, यासाठी रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, तेव्हापासून हा आक्षेप थोड्याफार फरकाने तोच आहे. या आक्षेपात एक अर्धसत्य आहे. शिक्षणामुळे जननदर कमी होतो, हे जगभर दिसले आहे आणि मला त्यात वाईट काही दिसत नाही. परंतु जननदर दोनवरून दीडवर आणि तेथून एकखाली जाण्याचे कारण वेगळे असते. दक्षिण कोरियाचा जननदर २०२३ मध्ये ०.७२ इतका खाली आला. तेथील मुली भरपूर शिकल्या, हे खरे आहे. पण त्याचबरोबर तेथे घरे महाग आहेत, कामाचे तास लांबलचक आहेत आणि घरी परतल्यावर स्वयंपाक, मूल व सासूसासरे यांचे ओझे बहुतांशी बाईवरच आहे. दिवसभर बाहेर राबायचे आणि रात्री घरातही राबायचे, अशी अट घातल्यावर शिकलेली मुलगी हिशेब करते. त्या हिशेबाला स्वार्थ म्हणणारे लोक अट कोणी घातली, हे विचारत नाहीत.

तो हिशेब आपल्याकडे कसा आहे, हे केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत दिसते. घरातील बिनमोबदला कामांवर स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात आणि पुरुष ८८ मिनिटे. हा आकडा बातम्यांत आला तेव्हा माझ्या काही मित्रांनी समाधानाने सांगितले की, पाहा, आम्हीही दीड तास काम करतोच. येथे थोडे थांबावे लागेल, कारण ही सरासरी सर्व पुरुषांची नाही. जे पुरुष घरकामाला हात लावतात, फक्त त्यांची आहे. आणि हात लावणारे पुरुष सुमारे २७ टक्के आहेत, तर स्त्रिया ८० टक्क्यांहून अधिक. उरलेले पुरुष त्या दीड तासाच्या सरासरीत मोजलेलेच नाहीत. २०१९ च्या पहिल्या पाहणीतही चित्र जवळपास असेच होते.

मग ठाण्यातील किंवा वाशीतील दोन नोकऱ्यांचे घर चालते कसे? ते दुसऱ्या बाईच्या श्रमावर चालते. आमच्याकडे पोळ्या आणि भांडी करायला येणाऱ्या ताई लोकमान्यनगरातून सकाळी साडेसहाला निघतात, पाच घरे करतात आणि दुपारी तीनला परततात. तोवर त्यांच्या घरचा भात त्यांची नववीतील मुलगी लावते. माझी पत्नी आठ बावीसची गाडी पकडू शकते, यामागे मी केलेली मदत फारच थोडी आहे आणि त्या नववीतील मुलीने लावलेला कुकर मोठा आहे. आपल्या मध्यमवर्गात स्त्रीची सुटका झाली असे आपण म्हणतो, तेव्हा पुरुषाच्या वाट्याचे काम पुरुषाकडे गेलेले नसते. ते गरीब बाईकडे आणि तिच्या मुलीकडे सरकलेले असते. महाराष्ट्रात २००८ मध्ये घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला, परंतु आमच्या ताईंच्या सुट्टीचा आणि पगारवाढीचा निर्णय आजही आमच्या स्वयंपाकघराच्या दारातच होतो, आणि तो करताना आम्ही फार उदार असतो असे मी म्हणणार नाही.

या ताईंना मुले दोनच आहेत, हेही लक्षात घ्यायला हवे. गरिबांना पोरे फार होतात, हे वाक्य आता जुने झाले आहे. याच कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सर्वांत गरीब पंचमांश कुटुंबांत जननदर २.६ आणि सर्वांत श्रीमंत पंचमांशात १.६ आहे, म्हणजे अंतर एका मुलाचे राहिले आहे. मुलांची संख्या जवळ येत चालली. त्या मुलांच्या वाट्याला येणारी मालमत्ता मात्र एकमेकींपासून दूर जात आहे. माझा मुख्य मुद्दा येथून सुरू होतो.

माझे वडील वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात फिटर होते. १९८४ मध्ये त्यांनी वर्तकनगरला वन रूम किचन घेतले. पतपेढीचे कर्ज, गावाकडून आलेले थोडे पैसे आणि आईच्या पाटल्या मिळून ते जमले, आणि घराची किंमत त्यांच्या दोन-अडीच वर्षांच्या पगाराएवढी होती. आज त्याच प्रकारच्या कामावरील कंत्राटी कामगाराला तेवढेच घर वीस-पंचवीस वर्षांच्या संपूर्ण पगारातही घेणे अवघड आहे. पोखरण रस्त्यावर आणि लालबहादूर शास्त्री मार्गावर ज्या कारखान्यांचे भोंगे ऐकून आम्ही शाळेला निघायचो, त्यांच्या जमिनींवर आता तीस-तीस मजली मनोरे आहेत. वडिलांनी कष्ट केले, यात शंका नाही. परंतु त्या कष्टाचे आज जे मोल दिसते, त्यातील बहुतेक वाढ जमिनीच्या भावाने दिलेली आहे, आणि ते भाव वाढत असताना आम्ही फक्त त्या घरात राहत होतो.

आता या घराला घटलेला जननदर जोडून पाहा. आजोबांना पाच मुले होती, तेव्हा गावच्या घराचे आणि शेताचे पाच तुकडे झाले, आणि तुकडे होणे ही गरिबी असली तरी त्यात एक प्रकारचे वाटप होते. माझ्या मुलीच्या बाबतीत उलटे होणार आहे. आम्हाला ती एकच आहे, माझी पत्नीही आईवडिलांना एकुलती एक आहे, त्यामुळे आमचे ठाण्यातील घर आणि सासऱ्यांचे नेरुळचे घर, अशी दोन घरे तिच्याकडे आपोआप येतील. तिने उद्या एखाद्या एकुलत्या एक मुलाशी लग्न केले तर त्या दोघांकडे मिळून तीन-चार घरे असतील. आमच्या ताईंच्या मुलीकडे एकही नसेल आणि ती बहुधा माझ्या मुलीच्या घरात भाड्याने राहील. पूर्वी मालमत्ता पिढीगणिक पसरत असे. आता ती नरसाळ्यात ओतल्यासारखी एकाच तोंडाशी गोळा होते. भारतात मृत्यूनंतरच्या संपत्तीवरील कर १९८५ मध्ये रद्द झाला, त्यामुळे या नरसाळ्याला मध्ये कोठे गाळणीही नाही. अर्थतज्ज्ञ थॉमस पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार २०२२-२३ मध्ये देशातील सुमारे ४० टक्के संपत्ती वरच्या एक टक्का लोकांकडे होती. आम्ही त्या एक टक्क्यात मुळीच नाही. तरीही त्याखालच्या थरांत, तुमच्या-माझ्यासारख्यांच्या घरांत, लहान कुटुंबामुळे आणखी एक रेघ ओढली जात आहे: ज्यांच्या आजोबांनी वेळेवर घर घेतले ते एका बाजूला आणि बाकीचे दुसऱ्या.

यावर अधिक मुले जन्माला घाला, हा उपाय काही नेते सुचवू लागले आहेत. मला तो वरवरचा वाटतो. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्या व्यक्तीला महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, आणि १.७ जननदराच्या राज्यात हा नियम तसाच आहे. आंध्र प्रदेशाने आपल्याकडील अशी अट २०२४ मध्ये काढून टाकली. आधी बाईला मुले कमी कर म्हणायचे आणि मग वाढव म्हणायचे, यात तिच्या २८९ मिनिटांचा विषय दोन्ही वेळा बाजूलाच राहतो.

मालमत्तेच्या या नरसाळ्यात मुलींचे काय होते, हे पाहण्यासाठी खाडी ओलांडावी लागेल. १९७० मध्ये सिडको या सरकारी नगरविकास महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहू लागली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासईच्या परिसरात आंदोलन झाले, त्यात पाच शेतकरी गोळीबारात बळी पडले, आणि त्या लढ्यातून पुढे प्रकल्पग्रस्तांना त्यांच्या संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळाले. त्या आंदोलनात आगरी-कोळी बायका पुरुषांच्या खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. भूखंड वाटायची वेळ आली तेव्हा वारसांच्या यादीत बहिणींची नावे लागली आणि पुष्कळ घरांत त्याच बैठकीत हक्कसोडपत्रावर त्यांच्या सह्याही झाल्या, असे तेथील मित्रांकडून मी अनेकदा ऐकले आहे. बहिणीला साडीचोळी आणि भावाला भूखंड. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क दिला होता, मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने ती अट गेली आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क आणखी स्पष्ट केला. एवढे कायदे झाले तरी सही करणारी बहीण सही करतच राहिली, कारण हिस्सा मागितला तर माहेर तुटते, आणि तिच्या दृष्टीने माहेर हीच तिची खरी ठेव असते. जुलै २०२४ पासून राज्य सरकार लाडक्या बहिणीला दरमहा १,५०० रुपये देते. सख्ख्या भावांनी काय दिले, याची पाहणी अजून कोणी केलेली नाही.

हे मी दुसऱ्यांविषयी बोलतो आहे, असे वाटू नये म्हणून आमच्या घरातील सांगतो. वडील इच्छापत्र न करता २०१९ मध्ये गेले. घर त्यांच्या स्वकमाईचे होते, म्हणून १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच आई, माझी सख्खी बहीण म्हणजे ताई आणि मी असे तिघे समान वारस होतो. त्यासाठी १९९४ ची किंवा २००५ ची वाट पाहण्याची गरजही नव्हती. तरीही दोन महिन्यांत आई आणि ताई माझ्याबरोबर दुय्यम निबंधक कार्यालयात आल्या, दोनशे रुपयांच्या मुद्रांक शुल्कावर हक्कसोडपत्र नोंदले गेले आणि बाहेर आल्यावर आम्ही तिघांनी मिसळ खाल्ली. तेव्हा कोणालाही त्यात काही खटकले नाही, मलाही नाही. ताई बदलापूरला राहते आणि अजून गृहकर्जाचे हप्ते भरते.

आता आमच्या इमारतीचा पुनर्विकास होणार आहे आणि कराराचा मसुदा घरी आला आहे. नव्या घराचे मालक म्हणून त्यात एकट्या माझे नाव आहे. मी वकिलांना विचारले की, ताईचा एक तृतीयांश हिस्सा तिला परत देता येईल का. त्यांनी सांगितले की, त्यासाठी बक्षीसपत्र करावे लागेल, आणि बहिणीला दिलेल्या बक्षिसावर बाजारभावाच्या किमान तीन टक्के मुद्रांक शुल्क लागेल. तिने सोडायला दोनशे रुपये पुरले होते. मी परत द्यायचे तर रक्कम लाखाच्या घरात जाते. मग त्यांनी चष्मा काढून विचारले, "बहिणीने मागितलंय का?"

तिने मागितलेले नाही.