रिपोर्टातला आकडा आणि डब्यातली पावडर

मंडळी, पुढे तालमीतली आणि जिममधली पोरं बसली आहेत, मागे काही आईवडील. मी सुरुवात मागच्या रांगेपासून करतो.

दोन महिन्यांपूर्वी एक ताई बावीस वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. रिपोर्टात क्रिएटिनिन 1.4, त्याभोवती लाल पेनाने गोल. पिशवीतून क्रिएटिनचा, म्हणजे व्यायाम करणारी पोरं ताकदीसाठी घेतात त्या पावडरीचा, डबा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, ह्यानं पोराची किडनी घालवली." पोरगा मान खाली घालून बसलेला.

ही भीती मला वारंवार भेटते, म्हणून नीट सांगतो. क्रिएटिन स्नायूत साठतं. त्यातलं थोडं रोज आपोआप मोडतं आणि त्याचं क्रिएटिनिन होतं, म्हणजे कचरा. तो किडनी बाहेर टाकते. रक्तात कचरा वाढलेला दिसला की किडनी मंदावली, असं आपण धरतो. पण घरात कचराच जास्त तयार होत असेल तर? हा मुलगा पावडर घेत होता, अंगाने भरलेला होता, आणि तपासणीच्या आदल्या रात्री त्याने मटणावर ताव मारला होता. तिन्ही गोष्टींनी आकडा चढतो. मी पावडर तीन आठवडे थांबवली, लघवीतली प्रथिनं तपासली, सिस्टाटिन-सी ही किडनीची दुसरी रक्ततपासणी करून घेतली. ही तपासणी स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. सगळं ठीक निघालं आणि क्रिएटिनिन 1.1 वर आलं.

याचा अर्थ सगळ्यांनी डबा आणावा असा नाही. किडनीचा आजार असेल, मधुमेह किंवा बीपी असेल, तर विचारल्याशिवाय हात लावू नका. अठराच्या आतल्या पोरांना मी देत नाही.

आता पोरांनो, तुमच्याकडे येतो. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात साधारण 120 ग्रॅम क्रिएटिन असतं, त्यातलं 95 टक्के स्नायूंत. जड वजन उचलताना पहिल्या आठ-दहा सेकंदांची ताकद मुख्यतः त्याच्या जोरावर येते. साठा भरलेला असेल तर सातव्या रेपला, म्हणजे सातव्यांदा वजन उचलून थांबणारा हात आठवी काढतो. बस, एवढंच. पण ही एकेक जादा रेप महिनोन् महिने साचली की अंगावर दिसते. व्यायामच केला नाही, तर पावडरीने दंड फुगत नाहीत. पहिल्या आठवड्यात काट्यावर किलोभर वाढलेलं दिसेल, ते मुख्यतः पाणी आहे.

1832 मध्ये शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला हा पदार्थ मांसात सापडला. नावही मांसाच्या ग्रीक शब्दावरून पडलं. पावडर खाल्ली की स्नायूतला साठा वाढतो, हे मात्र हॅरिस, सॉडरलुंड आणि हल्टमन यांनी 1992 मध्ये दाखवलं. त्यांनी काही जणांना एकाच पायाचा व्यायाम करायला लावला, आणि त्या पायाने दुसऱ्यापेक्षा जास्त क्रिएटिन ओढून घेतलं! मला हा प्रयोग फार आवडतो.

कच्च्या मांसात किलोमागे साधारण 4-5 ग्रॅम क्रिएटिन असतं, दुधात नावापुरतं. त्यामुळे माळकरी घरातल्या मुलांचा साठा कमी असतो आणि त्यांना फरकही जास्त जाणवतो. ही पावडर मांसातून काढत नाहीत, ती कारखान्यात रसायनांपासून बनते. माळ घातलेला एक पैलवान हे विचारायला दोनदा दारापर्यंत येऊन परत गेला होता. कॅप्सूल मात्र बघून घ्या, तिचं कवच जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यातून काढलेल्या पदार्थाचं असू शकतं.

घ्यायचं किती? रोज 3 ते 5 ग्रॅम, साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट, वेळ कुठलीही. आठवडाभर रोज 20 ग्रॅम घेतलं तर साठा लवकर भरतो, पण पोट बिघडू शकतं. रोज 3 ग्रॅम घेऊनही महिनाभरात तेवढाच भरतो. कोमट पाण्यात चांगलं विरघळतं. कालवून बाटलीत ठेवू नका, लगेच प्या. डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचा, परवाना क्रमांक बघा, सुटी पावडर घेऊ नका.

आणि रक्त तपासायला जाल तेव्हा सुई टोचायच्या आधीच सांगा, "मी क्रिएटिन घेतो."