हातात तबला नसलेली तबलजी

नमस्कार मंडळी. आत्ता स्क्रीनवर दिसतेय ती मिरजेची सतारमेकर गल्ली, आणि दुकानाबाहेर वाळत ठेवलेत ते भोपळे खायचे नव्हेत बरं का, ते सतारीचे आणि तंबोऱ्याचे, पंढरपूर मंगळवेढ्याच्या बाजूने येतात, आतून पोकळ करून वाळवायचे, मग त्याला दांडी जोडायची. दीडशे वर्षांहून जास्त काळ हे काम इथे चाललंय आणि २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय टॅगपण, म्हणजे ही वस्तू याच गावची अशी सरकारी ओळख, मिळाला.

तर या गल्लीत मी एक मुलगी आणून बसवलीय. रुक्साना, वय अकरा, सहावीत. शोधायला जाऊ नका, सापडणार नाही, कारण ती मी लिहितेय त्या मुलांच्या कादंबरीतली आहे. तिचे अब्बा तंबोऱ्याची जवारी काढतात, म्हणजे घोडी, ज्या पट्टीवर तारा टेकतात ती, घासून घासून तारेला तो भरलेला आवाज आणायचा, फार नाजूक काम, आणि घरात सगळीकडे तारांची वाद्यं टांगलेली. आणि या पोरीला वाजवायचाय तबला. जो घरात नाहीये, तबल्याचं काम करणारे कारागीर वेगळे, त्यांची दुकानं वेगळी.

आता गाणारी वाजवणारी नायिका म्हटलं की एक तयार मुलगी लगेच डोळ्यासमोर येते. जन्मतःच सूर पक्का, घरचे विरोधात, एक दुष्ट काका किंवा खडूस सर, शेवटी स्पर्धा, टाळ्या, विरोध करणारे रडतायत. टीव्हीवरच्या शोमध्ये आपण हे इतक्यांदा बघितलंय की दहा वर्षाचं पोरगंपण तिसऱ्या प्रकरणात शेवट सांगेल. मला त्यात सगळ्यात खटकतं ते म्हणजे जिद्द फक्त बोलून दाखवतात, मी एक दिवस मोठी कलाकार होईन वगैरे, आणि रियाज मात्र दोन ओळीत उरकतात, तिने खूप मेहनत केली, पुढे चला. अहो त्या दोन ओळीतच तर सगळी गोष्ट आहे ना.

म्हणून मी आधी खऱ्या बायकांची लहानपणं वाचायला घेतली.

गायिका गंगूबाई हनगल. १९२४ साली बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन, अध्यक्ष गांधीजी, आणि तिथे गाणाऱ्या मुलींमध्ये ही धारवाडची अकरा वर्षांची मुलगी. त्यांनी पुढे सांगितलेली आठवण अशी की भीती गाण्याची नव्हती, भीती ही होती की आपल्या जातीमुळे आपल्याला उष्टी काढायला तर लावणार नाहीत ना. मी हे वाचून पुस्तक बाजूला ठेवलं थोडा वेळ. म्हणजे समोर एवढा समुदाय, आणि पोरीच्या डोक्यात उष्ट्या पत्रावळी. मुलांसाठी लिहिणाऱ्याला हे कळायला पाहिजे, लहान मुलाची भीती नेहमी भलत्याच ठिकाणी असते, मोठ्यांना वाटते तिथे नसते.

मग गायिका मोगूबाई कुर्डीकर. गोव्यातल्या कुर्डी गावच्या, ते गाव आता साळावली धरणाच्या पाण्याखाली जातं आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. आई लवकर गेली, नाटक कंपनीत काम केलं, पुढे सांगलीला राहायला. जयपूर घराण्याचे मोठे गवई अल्लादिया खाँसाहेब तेव्हा औषधोपचारासाठी सांगलीत होते, रस्त्याने जाताना त्यांच्या कानावर या मुलीचा रियाज पडला आणि त्यांनी स्वतःहून शिकवायला घेतलं. इथे आपली तयार गोष्ट संपते, सोन्यासारखा गुरू मिळाला, शेवट गोड. पण खरं काय झालं तर खाँसाहेब मुंबईला गेले, मोगूबाई त्यांच्या मागे मुंबईला गेल्या, तिथे त्यांच्याकडे शिकणं जमेना, मग दुसऱ्यांकडे शिकल्या, खाँसाहेबांचे भाऊ हैदर खाँ यांच्याकडे शिकल्या, तेही सुटलं, आणि गंडा बांधून, म्हणजे रीतसर शिष्या होण्याचा धागा बांधून, परत खाँसाहेबांकडे आल्या तेव्हा १९३४ उजाडलं होतं. यात सरळसोट खलनायक शोधून सापडत नाही. गुरूची परिस्थिती, पैसेवाल्यांच्या अटी, बस. आणि ही बाई रोज गातेच आहे.

रुक्सानाच्या कादंबरीत म्हणूनच दुष्ट काका नाही. तिचे सर चांगले आहेत, फक्त त्यांची बदली होते. बदली या गोष्टीशी भांडणार कोणाशी तुम्ही? अकरा वर्षाच्या मुलीने तर मुळीच नाही. माझ्या मते हेच जास्त जड जातं.

आता तबलाच का. एक कारण उघड आहे, मुलगी म्हटलं की गाणं, फार तर पेटी, तबल्याच्या क्लासला अजूनही पोरंच जास्त. आबान मिस्त्री, मुंबईच्या पारशी कुटुंबातल्या, जन्म १९४०चा, सोलो तबला वाजवणाऱ्या देशातल्या पहिल्या बाई म्हणून त्यांचं नाव घेतात, आणि नुसतं वाजवून थांबल्या नाहीत, पखवाज आणि तबल्याच्या घराण्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यानंतर अनुराधा पाल, उस्ताद अल्लारखाँ आणि झाकीरभाईंच्या शिष्या, त्यांनी तर फक्त बायकांचा वाद्यवृंद उभा केला. म्हणजे वाट आहे, पण गर्दी नाही अजून.

दुसरं कारण मात्र पक्कं लेखकाचं आहे, आणि खरं सांगायचं तर मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. गाणं कागदावर लिहिता येत नाही. तुम्ही कितीही लिहा की तिचा सूर काळजाला भिडला, वाचणाऱ्या मुलाच्या कानात काहीही वाजत नाही. तबला लिहिता येतो! आता माझ्या मागून म्हणा, धाधा तिट धाधा तूना, ताता तिट धाधा धीना. झालं, तुम्ही कायदा वाजवला, कायदा म्हणजे तबल्याच्या बोलांची एक ठरलेली रचना. बहुतेक विद्यार्थ्यांना हा अगदी सुरुवातीला मिळतो, सोळा मात्रांचा, आणि नीट ऐकलंत तर दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला धा चा ता झाला, म्हणजे डाव्या हाताचा डग्गा गप्प झाला, त्या भागाला 'खाली' म्हणतात. आणि मग धाधा धीना म्हणताना डग्गा परत आला. हे वाचणाऱ्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही, तोंडाने म्हटलं की आपोआप कळतं.

आणि मग मला तिच्या जिद्दीचं काय करायचं ते सापडलं. रुक्सानाकडे तबला नाही, नवी जोडी घ्यायची तर घरात महिन्याचं गणित बिघडतं, म्हणून ती बोल तोंडाने म्हणते. पढंत. हाताने त्रितालाची टाळी धरायची, पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला हात उलटा, आणि तोंडाने बोल. हे काही मी उगाच रचलेलं नाही, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या तबल्याच्या परीक्षेत हातावर ताल धरून बोल म्हणून दाखवावेच लागतात. ती भांडी घासताना म्हणते, शाळेच्या रांगेत म्हणते, दादी ओरडते की ही पोरगी येडी झाली. ठाय म्हणजे संथ लयीत म्हणते, मग दुगुन म्हणजे दुप्पट वेगात, दुगुनीत तिट तोंडात अडकतं, परत ठाय. मी एक पूर्ण प्रकरण फक्त या तिटवर लिहिलंय. एका मैत्रिणीने वाचलं आणि म्हणाली, अगं पण यात काही घडतच नाही. तिच्या दहा वर्षाच्या मुलाने तेच प्रकरण जेवताना ताटावर वाजवत वाचलं, तेव्हा मी मैत्रिणीचं ऐकायचं नाही असं ठरवलं.

तिला पाहिजे काय शेवटी? पुरस्कार नको. मिरजेच्या दर्ग्यात उरसाच्या वेळी दरवर्षी संगीत सभा होते, किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीची, खाँसाहेब १९३७ साली गेले आणि याच दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं. चिंचेच्या झाडाखाली बसून कलाकार हजेरी लावतात, मोठमोठे येतात, नवेही बसतात, रात्र रात्र चालतं. तिला तिथे कुणाच्या तरी साथीला एक बंदिश वाजवायचीय. एकच. वाजवायला मिळते की नाही ते पुस्तक आल्यावर वाचा, इथे नाही सांगणार.

सध्या चित्रांचं काम चालू आहे. हे बघा, पहिलं स्केच, छान आहे, पण चित्रकाराने दोन्ही तबले सारख्याच आकाराचे काढलेत आणि शाई, म्हणजे कातड्यावरचा काळा गोल, दोन्हीकडे बरोब्बर मध्यभागी. तबल्याची शाई मध्यभागी असते, डग्ग्याची एका बाजूला सरकलेली. आणि ओठ मिटलेले काढलेत. तोंड उघडं पाहिजे, ती वाजवताना बोल म्हणतेय, सवयच आहे ना तिची. परत काढायला सांगितलंय.