एकतीस-दोन : सॉलोमन बेटांचे कुरुकुरू

(दृश्य : रिकामं इनडोअर मैदान. लाकडी फरशीवरच्या रेघा. कॅमेरा मैदानाच्या उंचीवर, हळूहळू गोलच्या दिशेने.)

निवेदन :
ही चौकट तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच आहे. फुटसाल म्हणजे सभागृहातल्या फरशीवर, लहान मैदानात खेळायचा फुटबॉल. त्याच्या २००८ च्या विश्वचषकात, ब्राझीलमध्ये, एका सामन्यात चेंडू अशा चौकटीत एकतीस वेळा गेला, एकाच संघाच्या. रशिया ३१, सॉलोमन बेटं २.

फुटसालचा सामना चाळीस मिनिटांचा असतो आणि चेंडू खेळाबाहेर गेला की घड्याळ थांबतं. म्हणजे चेंडू खेळात असताना दर सत्त्याहत्तर सेकंदांना रशियाचा एक गोल. पूला या एकट्या खेळाडूने नऊ केले. तो स्पर्धेत सर्वाधिक, सोळा गोल करणारा ठरला. त्यातले निम्म्याहून जास्त या एका संध्याकाळचे.

त्याच स्पर्धेत ब्राझीलने याच संघाला २१-० ने हरवलं. चार सामन्यांत मिळून सॉलोमनने एकोणसत्तर गोल खाल्ले, सहा केले. आकडे ऐकून हसू येतं. हा संघ मात्र त्यानंतर लागोपाठ आणखी तीन विश्वचषक खेळला.

(दृश्य : नकाशा. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला पापुआ न्यू गिनी, त्याच्या पूर्वेला बेटांची तिरकी माळ.)

निवेदन :
सॉलोमन बेटं. १९७८ साली ब्रिटिशांपासून स्वतंत्र झालेला देश. नऊशेहून अधिक बेटं, सत्तरीच्या आसपास भाषा, आणि सगळ्यांना जोडणारी एक पिजिन, म्हणजे मिश्र बोली. लोकसंख्या सात-आठ लाख, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षाही कमी. राजधानी होनियारा ग्वादलकनाल बेटावर. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाईमुळे हे नाव अनेकांनी ऐकलेलं असतं. तिथला विमानतळ म्हणजे त्या लढाईतलंच हेंडरसन फील्ड.

फुटबॉल इथला पहिल्या क्रमांकाचा खेळ. होनियाराचं लॉसन टामा हे मैदान डोंगराच्या कुशीत आहे आणि प्रेक्षक उतारावरच बसतात. अकरा जणांच्या राष्ट्रीय संघाला बोनिटोज म्हणतात, बोनिटो माशावरून. वाळूवरच्या फुटबॉलचा संघ म्हणजे बिलिकिकी बॉइज. आणि फुटसालचा संघ कुरुकुरू.

(दृश्य : जुनी छायाचित्रं, सामन्यांचे तक्ते.)

निवेदन :
एवढासा देश विश्वचषकापर्यंत पोचला कसा, याचं उत्तर अर्धं मैदानात आहे आणि अर्धं कागदावर. कागदावरचं आधी. ओशनिया, म्हणजे प्रशांत महासागरातल्या देशांच्या विभागाला फुटसाल विश्वचषकात जागा एक. १९८९ पासून २००४ पर्यंत ती प्रत्येक वेळी ऑस्ट्रेलियाने घेतली. २००६ च्या पहिल्या दिवशी ऑस्ट्रेलिया ओशनिया सोडून आशियाई महासंघात गेला, आणि दार उघडलं. फिजी, ताहिती, वानुआतू, न्यू कॅलेडोनिया, न्यूझीलंड, सगळेच त्या दाराशी उभे होते. आत गेलं सॉलोमन.

२००८, २०१२, २०१६ आणि पुढे ढकलल्यामुळे २०२१ मध्ये झालेला विश्वचषक, चारही वेळा ओशनियाचा संघ हाच. भारताचा पुरुष फुटसाल संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला २०२३ मध्ये. तोवर यांचे चार विश्वचषक खेळून झाले होते.

(दृश्य : फुटसालचा चेंडू दोन मीटर उंचीवरून सोडलेला. शेजारी मोजपट्टी.)

निवेदन :
मैदानातलं उत्तर समजायला आधी चेंडू बघा. मुंबई-पुण्याच्या टर्फवर रात्री अकरा वाजता जे खेळतात ते फुटसाल नव्हे, तो पाच-पाच जणांचा फुटबॉल. खाली कृत्रिम गवत, भोवती जाळी, आणि जाळीला आपटून परत येणारा चेंडू. फुटसालमध्ये जाळी नाही, रेघ आहे. बाजूच्या रेघेबाहेर गेला की किक-इन, म्हणजे रेघेवरून पायाने चेंडू आत मारणं, आणि ती चार सेकंदांत घ्यायची. चेंडू चार नंबरचा, घेर बासष्ट ते चौसष्ट सेंटिमीटर, वजन चारशे ते चारशे चाळीस ग्रॅम. दोन मीटरवरून सोडला तर पहिल्या टप्प्याला पन्नास ते पासष्ट सेंटिमीटरच उसळला पाहिजे. नेहमीचा फुटबॉल याहून बराच वर येतो.

कमी उसळणारा चेंडू पायाजवळ राहतो, म्हणून तो तळव्याखाली दाबून थांबवता येतो. आणि इथेच कुरुकुरूंचा हात, म्हणजे पाय, बसलेला. अरुंद जागा, कठीण जमीन, अनवाणी किंवा पातळ तळाचे बूट, अंगावर आलेल्या माणसाला एका हुलकावणीत मागे टाकणं. एकास एक झुंजीत हे खेळाडू ओशनियात कुणालाही भारी पडत. २००९ च्या ओशनिया स्पर्धेच्या अंतिम सामन्यात यजमान फिजीला त्यांनी फिजीतच ८-१ ने हरवलं.

त्याच वर्षी न्यू कॅलेडोनियाविरुद्ध कर्णधार एलियट रगोमोने सामना सुरू झाल्यावर तिसऱ्या सेकंदाला गोल केला. फुटसालमध्ये किक-ऑफवरून थेट मारलेला गोल धरत नाहीत, सोबत्याचा एक स्पर्श लागतो. म्हणजे त्या तीन सेकंदांत एक पास, एक फटका आणि वीस मीटर अंतर कापणारा चेंडू, एवढं सगळं आलं.

(दृश्य : वरून घेतलेलं मैदान. चार निळे ठिपके, चार लाल ठिपके.)

निवेदन :
मग रशियासमोर काय झालं? हे ठिपके बघा. गोली सोडला तर मैदानात चारच खेळाडू. अकराच्या फुटबॉलमध्ये एक बचावपटू चकला तर मागे नऊ जण उरतात. इथे एक चकला की बचावाचा चौथा हिस्सा गेला.

गल्लीत खेळून मोठा झालेला खेळाडू चेंडूकडे धावतो, ती त्याची सवय. निळ्यांतला पहिला धावला. लाल खेळाडूने त्याच्या मागच्या रिकाम्या जागेत पास दिला. ती जागा भरायला दुसरा निळा आपला माणूस सोडून सरकला. आता सुटलेला तो माणूस गोलच्या दूरच्या खांबाकडे निघाला. गोली जवळच्या खांबाशी, कारण चेंडू त्या बाजूला आहे. चेंडू गोलपासून सहा मीटरवरच्या रेषेसमोरून आडवा येतो आणि दूरच्या खांबाशी उभा असलेला लाल खेळाडू बुटाचा तळवा लावून तो आत ढकलतो. फटक्याला जोर लागत नाही. बघणाऱ्याला वाटतं, बचाव झोपला होता. खरी चूक वीस मीटर पुढे, चार सेकंद आधी झालेली असते. एकटा पुढे गेला, बाकीचे तिघे गेले नाहीत.

दबाव टाकायचा तर चौघांनी एकदम टाकायचा, नाहीतर चौघांनी एकदम मध्यरेषेमागे यायचं. अर्धवट दबाव हा सगळ्यात महाग. फुटसाल शिकवणारे यावर तासन्‌तास घालवतात, कारण चेंडू आल्यावर पुढे न जाणं हे शरीराला शिकवावं लागतं.

(दृश्य : बाकावर बसलेले खेळाडू. उठणारा, हातात हात देऊन आत जाणारा.)

निवेदन :
दुसरी गोष्ट बाकावरची. संघात चौदा खेळाडू, बदल्यांना मर्यादा नाही, खेळ न थांबवता बदली करता येते. बाहेर येणारा रेषेबाहेर पडला की आत जाणाऱ्याने आपल्याच बाजूच्या ठरलेल्या पट्ट्यातून जायचं. मोठे संघ अख्खी चौकडीच बदलतात. दोन-तीन मिनिटं जीव तोडून पळायचं, मग दुसरी चौकडी. ब्राझील, रशिया, स्पेन यांच्याकडे दुसरी चौकडी पहिलीइतकीच तिखट असते. लहान देशाकडे पाच-सहा खेळाडू त्या दर्जाचे, पुढचे एक पायरी खाली. प्रशिक्षक पहिल्यांनाच ताणतो. ते थकतात. थकलेला खेळाडू अर्धा सेकंद उशिरा पोचतो आणि पाय चेंडूऐवजी घोट्यावर बसतो.

इथून फाऊलचा हिशेब सुरू होतो. एका अर्धात संघाच्या पाच फाऊलपर्यंत फ्री-किकसमोर भिंत उभी करता येते. सहाव्या फाऊलपासून भिंत नाही. दहा मीटरच्या खुणेवरून थेट फटका, समोर फक्त गोली. पाचवा झाला, की बचाव करणाऱ्यांचे पाय आपोआप मागे राहतात आणि समोरचा संघ हे ओळखून अंगावर घुसायला लागतो. घड्याळाइतकंच लक्ष दोन्ही संघांचे फाऊल दाखवणाऱ्या फळीवर ठेवावं लागतं. नवख्या संघांचं तिथे लक्ष नसतं.

(दृश्य : थायलंड, २०१२. प्रेक्षकांचा आवाज.)

निवेदन :
चार वर्षांनी थायलंडमध्ये पुन्हा रशिया समोर. या वेळी १६-०. कोलंबियाकडून ११-३. कोलंबिया त्या स्पर्धेत चौथा आला, हेही लक्षात घ्या. आणि तिसरा सामना ग्वाटेमालाशी. ग्वाटेमालाने २००० सालचा विश्वचषक आपल्या घरी भरवला होता, त्यांना ही पातळी नवी नव्हती.

सॉलोमन बेटं ४, ग्वाटेमाला ३. विश्वचषकातला त्यांचा पहिला विजय.

तीन गुण मिळाले. पण २०१२ पासून चोवीस संघ, सहा गट, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या संघांतले सर्वोत्तम चार पुढे जातात. म्हणजे गोलफरक हा दागिना नाही, तिकीट आहे. सॉलोमनचा गोलफरक उणे तेवीस. हरलेल्या सामन्याची शेवटची दहा मिनिटं सोडून देण्याची किंमत इथे मोजावी लागते. आठ-शून्य आणि सोळा-शून्य यात प्रेक्षकाला फरक वाटत नाही, तक्त्याला वाटतो.

(दृश्य : चार विश्वचषकांच्या गटांचे तक्ते एकामागून एक.)

निवेदन :
त्यांच्या वाट्याला आलेले गट एकदा नजरेखालून घाला. २००८ मध्ये गटात ब्राझील, तोच विजेता. २०१६ मध्ये कोलंबियात गटात अर्जेंटिना, तोच विजेता. २०२१ मध्ये लिथुआनियात गटात पोर्तुगाल, तोच विजेता. चार स्पर्धांपैकी तीन वेळा, पुढे जगज्जेता झालेला संघ गटातच भेटला. मानांकनात तळाला असलेल्या संघाच्या वाट्याला कुणीतरी बलाढ्य येणारच, पण हे जरा अतीच.

तरी आकडे काय सांगतात? २०२१ मध्ये मोरोक्कोकडून ६-०, पोर्तुगालकडून ७-०, थायलंडकडून ९-४. तिन्ही पराभव. २००८ मध्ये दर सामन्याला सरासरी सतरा गोल बसत होते, २०१२ मध्ये दहा, २०२१ मध्ये सातच्या थोडे वर. पोर्तुगालचा रिकार्डिन्यो आणि त्याचे सोबती चाळीस मिनिटांत सात करून थांबले, म्हणजे मधल्या तेरा वर्षांत चौघांनी एकदम मागे यायला हा संघ शिकला होता. मात्र या तीन सामन्यांत गोल फक्त चार, तेही एकाच सामन्यात. बचाव मागे नेला की चेंडू मिळतो आपल्याच गोलजवळ. समोरची चौकट तीस मीटर दूर, आणि चेंडू धरून ठेवणारा पुढचा खेळाडू, ज्याला पिवट म्हणतात, एकटा पडतो. त्याच्यापर्यंत दोघं पोचेपर्यंत त्याने पाठ गोलकडे करून, तळव्याखाली चेंडू दाबून, मागच्याचा धक्का सोसत दोन सेकंद काढायचे. ओशनियात मागून धक्का देणारा जेवढा दमदार असतो, त्याच्या दुप्पट इथे.

(दृश्य : सिमेंटचं मैदान. घासून पातळ झालेले बूट.)

निवेदन :
हे दोन सेकंद सरावातून येतात, आणि सराव फरशीवर हवा. खरबरीत सिमेंटवर चेंडू अडखळत धावतो. इनडोअर फरशीवर तोच पास घसरत निघतो आणि अंदाजापेक्षा आधी पोचतो. सिमेंटवर तळवा लावून चेंडू थांबवणारा खेळाडू इथे पहिले काही पास पायाखालून सोडतो. शिवाय सिमेंट बुटांचा रबरी तळ खातं, आणि ज्या बुटांनी सराव केला ते सामन्याला उरत नाहीत.

त्याहून मोठी अडचण सामन्यांची. ओशनियात आठ गोलांनी जिंकायचं आणि थेट पोर्तुगालसमोर उभं राहायचं, मध्ये काहीच नाही. युरोपातला मधल्या फळीतला संघ वर्षभरात आपल्यापेक्षा थोड्या बऱ्या संघांशी खेळत राहतो, तीन-दोनने हरतो, शिकतो. होनियाराहून तसा प्रतिस्पर्धी शोधायचा तर आधी ब्रिस्बेन किंवा फिजीतल्या नाडी शहराचं विमान, पुढे आणखी एक-दोन. चौदा खेळाडू, प्रशिक्षक, डॉक्टर, सामान. एका मैत्रीपूर्ण सामन्यासाठी हा खर्च कोण काढणार?

(दृश्य : ऑकलंड. भरलेलं इनडोअर सभागृह.)

निवेदन :
न्यूझीलंडकडे सभागृहं आहेत आणि राष्ट्रीय लीग आहे. चौकडी फिरवता येईल इतके खेळाडूही आहेत. २०२३ मध्ये ओशनियाचं विजेतेपद त्यांनी घेतलं, पहिल्यांदाच. २०२४ च्या उझबेकिस्तानमधल्या विश्वचषकाला ओशनियाकडून न्यूझीलंड गेला. पंधरा वर्षांहून अधिक काळ एकाच संघाकडे असलेली ती एक जागा गेली.

पात्रता फेरीत हे दोन संघ समोरासमोर येतात, तेव्हा घड्याळाच्या शेजारची फाऊलची फळी बघत राहा.

(दृश्य : फळी. ५–३. घड्याळ चालू. कॅमेरा तिथेच.)