एक भरणा, अकरा पावत्या: सोसायटीच्या हिशेबातला बँक ताळमेळ

बँकेचा ताळमेळ लागत नाही, म्हणजे आपल्या वहीतल्या नोंदी बँकेच्या खातेउताऱ्याशी जुळत नाहीत, अशी तक्रार गृहनिर्माण सोसायटीचे खजिनदार करतात, तेव्हा बहुतेक वेळा पैसे कुठे गेलेले नसतात. सोसायटीने अकरा ओळींत लिहिलेला व्यवहार बँकेने एकाच ओळीत लिहिलेला असतो, एवढाच तो गुंता असतो. व्यवस्थापकाने सभासदांकडून अकरा चेक घेतले, प्रत्येकाला पावती दिली आणि सगळे चेक एकाच स्लिपवर भरले, की अनेकदा खातेउताऱ्यात ४२,३५० रुपयांची एकच जमा उमटते. संगणकातील प्रणाली या आकड्याची पावती शोधू लागते आणि तशी पावती तर कोणाच्याच नावावर नसते.

मग सुचते ती पळवाट अशी की, ज्या पावत्यांची बेरीज ४२,३५० होते त्या निवडायच्या आणि जुळल्याची खूण करून मोकळे व्हायचे. इतर धंद्यांत हे कदाचित खपून जाईल, कारण तिथे प्रत्येक बिलाची रक्कम वेगळी असते. आपल्याकडे मात्र दोन बेडरूमच्या प्रत्येक सदनिकेचे मासिक शुल्क ३,८५० रुपयेच असेल, तर कोणत्याही अकरा पावत्यांची बेरीज ४२,३५० येणारच. पार्किंग किंवा बिनभोगवटा शुल्कामुळे (सदनिका भाड्याने दिल्यास लागणाऱ्या शुल्कामुळे) चारदोन रकमा वेगळ्या पडतात, तेवढाच काय तो आधार. म्हणून बेरीज जुळली हा सोसायटीच्या हिशेबात पुरावाच नव्हे, असे मी आग्रहाने म्हणतो. चुकीच्या पावत्यांवर खूण झाली, तर ज्याचा चेक अजून टेबलाच्या खणात पडून आहे त्याचे पैसे बँकेत पोचलेले दिसतात आणि ज्याचे खरोखर पोचले त्याची पावती ‘न वटलेली’ म्हणून लोंबकळत राहते. पुढे कोणी ती पावती रद्द केली, तर त्या सभासदाच्या नावावर थकबाकी चढते. २०१४ च्या आदर्श उपविधींनी थकबाकीवर जास्तीत जास्त २१ टक्के दराने सरळव्याज आकारण्याची मुभा दिलेली आहे, तेव्हा ही चूक त्या सभासदाच्या खिशापर्यंत जाते.

यावरचा उपाय जुनाच आहे. पावती फाडताना सभासदाच्या खात्यात जमा करावी, परंतु नावे (डेबिट) मात्र थेट बँकेला न टाकता ‘हाती असलेले चेक’ या खात्याला टाकावी. चेक भरले, की प्रत्येक स्लिपसाठी एकच नोंद करावी: बँक नावे, हाती असलेले चेक जमा, रक्कम स्लिपवरची आणि तपशिलात स्लिपचा क्रमांक, तारीख व सदनिकांचे क्रमांक. आता बँकेची एक ओळ आणि आपली एक नोंद एकास एक जुळतात आणि सभासदांच्या खतावणीतला बारकावाही कायम राहतो. या पद्धतीचा आणखी एक लाभ म्हणजे महिनाअखेरीस ‘हाती असलेले चेक’ या खात्यावर जी शिल्लक दिसते, तेवढ्याच रकमेचे चेक खणात असले पाहिजेत; खण उघडून मोजले, की तपासणी पुरी होते.

अकरांपैकी एखादा चेक परत आला, तर मूळ भरण्याची नोंद खोडून तिथे दहा चेकांची बेरीज लिहिण्याचा मोह टाळावा. बँकेने आधी पूर्ण रक्कम जमा दाखवली असेल, तर परतीचा चेक ती स्वतंत्र ओळीने नावे टाकते आणि तिचे शुल्क वेगळे लावते. आपणही तसेच करावे. परतीच्या मेमोवर चेकचा क्रमांक असतो, तो स्लिपच्या स्थळप्रतीशी ताडून नेमक्या सभासदाच्या खात्यात नावे टाकावी. हे करायचे, तर स्थळप्रतीच्या मागे प्रत्येक चेकचा क्रमांक आणि सदनिका लिहिलेली असायला हवी, आणि नेमके तेच लिहिण्याचा पुष्कळ ठिकाणी कंटाळा केला जातो.

पेमेंट गेटवेच्या, म्हणजे सभासदांचे ऑनलाइन पैसे गोळा करून सोसायटीला देणाऱ्या सेवेच्या, जमेत गुंता निराळा असतो, कारण तिथे रकमा नुसत्या एकत्र होत नाहीत, तर त्यांतून वजावटही होते. बारा सभासदांनी प्रत्येकी ३,८५० रुपये भरले, गेटवेने समजा २४० रुपये शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ४३.२० रुपये कापून घेतले, तर बँकेत ४५,९१६.८० रुपये येतात. अशा वेळी सभासदांना पूर्ण ४६,२०० रुपयांची जमा द्यावी आणि २८३.२० रुपये खर्चात दाखवावेत. जी रक्कम हाती आली तीच सभासदांत वाटून टाकली, तर प्रत्येकाच्या नावावर तेवीस-चोवीस रुपयांची खोटी थकबाकी उभी राहते. गेटवेचे पैसे एक-दोन कामकाजाच्या दिवसांनी येतात, त्यामुळे ३१ मार्चला सभासदांनी भरलेली रक्कम एप्रिलमध्ये बँकेत दिसते. ताळेबंदात ती ‘गेटवेकडून येणे’ म्हणून दाखवावी, पुढच्या वर्षाचे उत्पन्न म्हणून नव्हे.

खर्चाच्या बाजूलाही हेच तत्त्व लागू पडते. सुरक्षा, सफाई आणि लिफ्टची देखभाल यांची देणी एकाच फाइलने बँकेला पाठवली, की काही बँका फाइलच्या एकूण रकमेची एकच नावे ओळ टाकतात. त्यातील एखाद्याचा खातेक्रमांक चुकला, तर ते पैसे परत येऊन स्वतंत्रपणे जमा होतात. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास आणि दर अर्ध्या तासाला चालते, म्हणून ही परतफेड पुष्कळदा त्याच तारखेला दिसते आणि घाईत कोणाच्या मेंटेनन्सची जमा समजली जाते. मग कंत्राटदाराला पैसे न मिळताच त्याचे देणे फिटलेले दिसते. टीडीएसचे चलनही असाच एकत्रित भरणा असतो. अनेक कंत्राटदारांच्या बिलांतून कापलेली रक्कम त्यात एकदमच जाते, तेव्हा त्याची फोड व्हाउचरलाच जोडून ठेवावी.

राहता राहिले आपण दिलेले, पण न वटलेले चेक. १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत तीन महिन्यांची आहे. ती उलटून गेलेला चेक ताळमेळ पत्रकात महिनोन्‌महिने पुढे ओढत राहू नये. त्याची नोंद उलटवून रक्कम बँकेत परत घ्यावी आणि ती उत्पन्नात न धरता त्या कंत्राटदाराच्या देण्यातच ठेवावी.